बॉयलरच्या नळ्या ‘फुगवण्या’ची हत्यारे : पार्श्वभूमी

मिरकरवाड्याच्या बाजूला बर्फाच्या कारखान्यांची दुरुस्ती करणारा फिटर, रत्नागिरीतला फ्रीजचा मेकॅनिक आणि घराच्या पडवीत पाच इंची गेजचे (म्हणजे रुळांमध्ये पाच इंच अंतर असलेले) छोटे वाफेचे इंजिन घडवणारा हौशी कारागीर हे तिघेही ‘एक्सपांडर’, म्हणजे नळी फुगवण्याचे हत्यार, मागतात, पण तिघांना हवी असलेली वस्तू एक नसते. हौशी मंडळींमध्ये बॉयलरच्या नळ्या नुसत्या फुगवून बसवाव्यात की झाळाव्यात (वितळलेल्या धातूने जोडाव्यात), यावर जो वाद चालतो, त्याचे मूळ बरेचसे या एका शब्दात आहे.

फ्रीजवाल्याचे हत्यार तांब्याच्या नळीचे तोंड रुंद करते, जेणेकरून दुसरी नळी त्यात बसावी. बाहेरून तिला कशाचाही आधार नसतो आणि सांधा शेवटी झाळूनच पक्का होतो. दुसरा प्रकार ड्रिफ्टचा, म्हणजे हातोडीने ठोकायच्या निमुळत्या पोलादी खुंटीचा. ती नळीचे तोंड कर्ण्यासारखे उघडते, त्यामुळे नळी ट्यूब प्लेटच्या, म्हणजे नळ्यांची टोके ज्यात बसतात त्या बॉयलरच्या जाड पत्र्याच्या, छिद्राला फक्त कडेपाशी टेकते. तिसरे हत्यार रोलरचे, आणि बॉयलरच्या संदर्भात खरे एक्सपांडर म्हणावे ते हेच. पिंजऱ्यात बसवलेले तीन रोलर मधल्या निमुळत्या दांड्याभोवती, म्हणजे मँड्रेलभोवती, फिरतात. रोलर अक्षाला किंचित तिरके असल्याने मँड्रेल आपोआप आत ओढला जातो, आणि रोलरचा निमुळतेपणा मँड्रेलच्या निम्मा ठेवला की नळी प्लेटच्या पूर्ण जाडीभर सारखी दाबली जाते. फुगवणे हा शब्द इथे थोडा फसवाच आहे, कारण नळी छिद्राला टेकल्यानंतरचे काम फुगवण्याचे नसून भिंत दाबून पातळ करण्याचे असते. भिंत १.२ मिमीची असेल आणि ती पाच टक्के दाबायची असेल, तर हिशेब ०.०६ मिमीचा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचा होतो. त्याहून फार पुढे गेल्यास तांबे कडक होते आणि शेजारच्या छिद्राचा आकार बिघडतो.

१८२९ च्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्ये तीन इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या होत्या आणि त्यांच्या टोकांची गळती तेव्हाही डोकेदुखीच होती. रोलरचे हत्यार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. नेरळ–माथेरानची गाडी १९०७ साली धावू लागली, तोवर मोठ्या बॉयलरपुरता हा प्रश्न सुटलेला होता.

लहान बॉयलरची कथा मात्र वेगळ्या वाटेने गेली. ९.५ मिमी नळीच्या पोटात तीन रोलर आणि एक मँड्रेल बसवणे हे घड्याळजीचे काम. म्हणून सुरुवातीच्या हौशी कारागिरांनी ड्रिफ्ट ठोकून वरून कथलाची झाळ दिली. नेहमीची झाळ १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते आणि सहा किलो दाबाची वाफच १६५ अंशांची असते. पाण्याची पातळी खाली जाऊन नळ्या उघड्या पडल्या की त्या आणखी तापतात आणि झाळ वितळते. पुढे चांदीच्या झाळेने ही भीती संपवली आणि ड्रिफ्टकडे झाळण्याआधी नळी जागच्या जागी धरून ठेवण्याचे दुय्यम काम उरले. ‘नुसत्या फुगवलेल्या नळ्या गळतात’ हे मत याच काळातले असून ते ड्रिफ्टपुरते खरे आहे. ते रोलरलाही लावले जाते, हा अन्यायच म्हणावा लागेल.

गेल्या काही वर्षांत तराजू पुन्हा हलला आहे. कॅडमियमयुक्त चांदीच्या झाळेवर युरोपात २०११ च्या अखेरीस बंदी आली आणि चांदी महाग झाली. मोठ्या गेजची मंडळी पोलादी बॉयलरमध्ये तांब्याच्या नळ्या रोल करतात, कारण त्या पुढे काढून बदलता येतात. कोकणात या सोयीला किंमत मोजावी लागते. खारी हवा आणि जांभ्यातल्या विहिरींचे मऊ, काहीसे आम्लधर्मी पाणी पोलादाला मानवत नाही, त्यामुळे इथला कल अजून तांब्याकडेच आहे. २५ लिटरहून लहान बॉयलर कायद्याच्या तपासणीत येत नाही. म्हणून थंड पाण्याच्या दाबाची चाचणी आणि सांध्याची जबाबदारी बनवणाऱ्याकडेच राहते.

बारीक नळ्यांचे हत्यार बहुतेक जण आजही स्वतःच लेथवर करतात. पिंजरा घरचा, मँड्रेल सिल्व्हर स्टीलचा (हे नावापुरतेच ‘सिल्व्हर’, प्रत्यक्षात कार्बन पोलाद) पाणी दिलेला, आणि रोलर म्हणून भंगारातल्या नीडल बेअरिंगच्या सुया. त्या सरळ असतात, निमुळत्या नव्हे; त्यामुळे मँड्रेलचा निमुळतेपणा शक्य तितका कमी ठेवावा लागतो.