ॲलर्जी 'आहे' की 'झाली होती'?

'पेनिसिलिनची ॲलर्जी.' केस पेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने एवढं लिहिलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण हा शेरा पडतो कशावरून? एकीला लहानपणी इंजेक्शननंतर अंगभर पित्त उठलं होतं. दुसऱ्याचा श्वास कोंडला, रक्तदाब उतरला आणि त्याला आयसीयूत न्यावं लागलं. तिसऱ्याला गोळ्यांनी नुसतं मळमळलं होतं. चौथ्याला स्वतःला काहीच झालेलं नाही, झालं होतं ते त्याच्या आईला. चौघंही सिस्टरना एकच सांगतात, 'मला ते औषध सूट होत नाही', आणि चौघांच्या कागदावर तोच शेरा येतो.

समोर बसलेला डॉक्टर उलटतपासणी घेऊन यातला फरक काढू शकतो. संगणकाला तो काढता येत नाही. त्याला आधीच वेगवेगळं करून दिलेलं लागतं. त्यासाठी जगभर 'स्नोमेड सीटी' नावाची वैद्यकीय परिभाषा वापरतात. तिच्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा क्रमांक ९१९३६००५. भारत २०१४ पासून या व्यवस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे इथल्या हॉस्पिटलांना ती वापरायला पैसे पडत नाहीत. तिचं देशातलं काम चालतं पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत. आरोग्य मंत्रालयाने आरोग्य-नोंदींच्या मानकांसाठी नेमलेलं राष्ट्रीय केंद्र तिथेच आहे. (देशाची पेनिसिलिनची सरकारी फॅक्टरी १९५४ साली निघाली तीही इथेच, पिंपरीला. औषधही पुण्याचं आणि त्याच्या ॲलर्जीचा हिशेबही पुण्याचा!)

ही परिभाषा म्हणजे शब्दांची नुसती यादी असती, तर तिच्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. तिची खुबी संबंधांमध्ये आहे. प्रत्येक संकल्पना इतर संकल्पनांशी ठरावीक नात्यांनी बांधलेली असते: हा कशाचा प्रकार, शरीरात कुठे, कोणत्या कारक पदार्थाने, कशामुळे, कशानंतर. ही नाती तर्कशास्त्राच्या काटेकोर नियमांनी लिहिलेली असल्यामुळे कोणी मुद्दाम न लिहिलेले निष्कर्षही संगणक स्वतः काढतो.

ॲलर्जीच्या बाबतीत इथे दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. एक प्रवृत्ती, दुसरी प्रतिक्रिया. काडेपेटीतल्या काडीत पेट घेण्याचा गुण ती खोक्यात पडून असतानाही असतो. पेटणं ही घटना, आणि ती कदाचित कधी घडणारही नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी ही अशी प्रवृत्ती आहे. माणूस घरी निवांत झोपलेला असतानाही ती त्याच्यात असते. अंगावर पित्त उठणं किंवा ॲनाफिलॅक्सिस (श्वास कोंडणं, रक्तदाब उतरणं अशी जिवावर बेतणारी ॲलर्जी) ही प्रतिक्रिया. तिला तारीख असते, जागा असते, ती सुरू होते आणि संपते. प्रवृत्तीच्या व्याख्येत 'कारक पदार्थ: पेनिसिलिन' असतं, शिवाय ती प्रकट झाली तर ॲलर्जीची प्रक्रिया घडेल, असंही एक नातं असतं. मळमळ या दोन्हींत बसत नाही. तो दुष्परिणाम, त्याचं घर वेगळं.

हा काथ्याकूट वाटेल, पण याचे परिणाम थेट ऑपरेशन टेबलवर दिसतात. नोंद फक्त जुन्या घटनेची असेल, तर ती इतिहासजमा होते आणि नवं औषध लिहिताना संगणक गप्प राहू शकतो. उलट मळमळीची नोंद प्रवृत्ती म्हणून झाली, तर तो जन्मभर बोंबलत राहतो. अमॉक्सिसिलिन हा पेनिसिलिनचाच प्रकार, हे परिभाषेत आधीच लिहिलेलं असतं. त्यामुळे पेनिसिलिनच्या ॲलर्जीवाल्याला डॉक्टरने अमॉक्सिसिलिन लिहिलं की इशारा येतो, आणि तो यायलाच हवा.

खरी गंमत पुढे आहे. सेफॅझोलिन हे ऑपरेशनआधी संसर्ग टाळण्यासाठी देतात ते नेहमीचं अँटिबायोटिक. ते पेनिसिलिन नव्हे, सेफॅलोस्पोरिन गटातलं आहे, पण दोन्ही गट बीटा-लॅक्टॅम नावाच्या एकाच मोठ्या औषध-कुळातले. पेनिसिलिन न चालणाऱ्या दहा टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनही चालत नाहीत, असं पूर्वी शिकवत. आता हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास मानतात. एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू होते ती बहुतेकदा रेणूच्या बाजूची रासायनिक साखळी सारखी असल्यामुळे, आणि सेफॅझोलिनची तर ती साखळी इतरांपेक्षा निराळीच आहे. तरीही सॉफ्टवेअरचा इशारा परिभाषेच्या झाडातल्या पेनिसिलिनच्या फांदीवर न बसवता अख्ख्या कुळावर बसवला, तर सेफॅझोलिनलाही लाल दिवा लागतो. मग सर्जन क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिनकडे वळतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ हजारांहून जास्त पेशंटांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन-ॲलर्जीची नोंद असलेल्यांमध्ये ऑपरेशनच्या जागी संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली, आणि तिचं कारण होतं हीच दुय्यम अँटिबायोटिक्स. म्हणजे ॲलर्जीची ढिसाळ नोंद शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीला जन्म देऊ शकते.

गुंतागुंतीची नोंदही सरळ नाही. समजा, ऑगस्टमध्ये कोथरूडच्या एका काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी ताप १०२. नातेवाईक म्हणणार, ऑपरेशन बिघडलं. रक्त तपासलं तर डेंग्यू. डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. म्हणजे काका ऑपरेशनला आले तेच आजार घेऊन. ताप ऑपरेशननंतर आला हे खरं, ऑपरेशनमुळे आला हे खोटं. स्नोमेडमध्ये 'नंतर' आणि 'मुळे' ही दोन स्वतंत्र नाती आहेत. पहिलं जोडलं म्हणून दुसरं आपोआप जोडलं जात नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनाही ही शिस्त लावता आली तर बरं होईल.

आता त्याच काकांच्या टाक्यांत सहाव्या दिवशी पू झाला, असं धरू. इथे नाती भराभर जोडली जातात: जागा ऑपरेशनची जखम, कारक जीव स्टॅफिलोकॉकस ऑरियस, नंतर आणि मुळे दोन्हीकडे हर्नियाची शस्त्रक्रिया. एवढं भरल्यावर 'ही शस्त्रक्रियेची गुंतागुंत आहे' असा वेगळा शिक्का कोणी मारावा लागत नाही, संगणकच ती नोंद त्या फांदीखाली नेऊन ठेवतो. वर्षाअखेरीला हॉस्पिटलने 'हर्नियाच्या किती ऑपरेशनांत जखमेला संसर्ग झाला?' असं विचारलं, की उत्तर मिळतं. त्यात डेंग्यूवाला ताप मोजला जात नाही.

गुंतागुंत किती गंभीर होती, हा निराळा प्रश्न. त्यासाठी सर्जन क्लाव्हियाँ-डिंडो प्रतवारी वापरतात. ती २००४ मध्ये सध्याच्या रूपात आली. पेशंट किती कण्हला यावर नव्हे, तर काय करावं लागलं यावर ती ठरते. जखम खाटेवरच उघडून साफ केली तर पहिली पायरी, अँटिबायोटिक लागलं तर दुसरी, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर तिसरी, आयसीयू म्हणजे चौथी, मृत्यू पाचवी.

अडचण तंत्रापेक्षा माणसांची जास्त आहे, असं मला वाटतं. डिस्चार्ज कार्डावर 'गुंतागुंत' लिहिलं की घरचे तिचा अर्थ 'चूक' असा लावतात, म्हणून अनेकदा ते मोघम ठेवलं जातं. वास्तविक 'मुळे' या नात्यात कुणाचा दोष अभिप्रेत नसतो. सर्व काही नीट करूनही काही जखमा पिकतातच.

आणखी एक नाजूक जागा म्हणजे रिकामा रकाना. ॲलर्जीच्या रकान्यात काही नाही, याचा अर्थ काय? विचारलंच नाही, की विचारलं आणि 'नाही' म्हणाले? नुसत्या मोकळ्या जागेवरून संगणकाला हे ठरवता येत नाही, आणि त्याने ठरवूही नये. म्हणून 'औषधाची कोणतीही ज्ञात ॲलर्जी नाही' ही स्वतः एक संकल्पना आहे. ती मुद्दाम निवडावी लागते.

अमेरिकेत दर १०० पेशंटांमधले साधारण १० जण पेनिसिलिनची ॲलर्जी सांगतात. रीतसर चाचणी केली, तर त्यातल्या नऊहून अधिक जणांना पेनिसिलिन चालतं. ज्यांना खरोखर तत्काळ प्रकारची ॲलर्जी होती, त्यांतल्याही सुमारे ८० टक्के जणांची ती दहा वर्षांत ओसरते. म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या आरोग्य-नोंदी डिजिटल करण्याच्या सरकारी योजनेसाठी सी-डॅकच्या केंद्राने नोंदींचे जे नमुने तयार केले आहेत, त्यांत ॲलर्जीच्या नोंदीला स्नोमेडच्या क्रमांकाशिवाय खात्रीचाही रकाना असतो: खात्री झालेली नाही, खात्री झाली, फेटाळली, चुकून नोंदली गेली. समजा, ॲलर्जीची नोंद असलेल्या एखाद्या काकूंची चाचणी झाली आणि ॲलर्जी नसल्याचं निघालं, तर जुनी नोंद खोडून टाकायची नसते. तिच्यापुढे 'फेटाळली' लावून ती ठेवायची असते. खोडली, तर दुसऱ्या दवाखान्याच्या नोंदीतून तीच ॲलर्जी परत येते, आणि ती तपासून नाकारली होती याचा पुरावा कुठेच उरत नाही.