क्लच न सुटणे (मोटारसायकल)

क्लच न सुटणे : क्लचचा लिव्हर मुठीपर्यंत ओढूनही इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध पूर्णपणे न तुटण्याचा दोष. लिव्हर दाबलेला असतानाही थोडी शक्ती मागच्या चाकाकडे जात राहते. सिग्नलला उभी असलेली गाडी पुढे सरकू पाहते, ब्रेक धरून ठेवावा लागतो, इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताना ‘खट्ट’ होऊन गाडी झटका खाते. गॅरेजमध्ये याला ‘क्लच पूर्ण सुटत नाही’, ‘क्लच धरून ठेवतो’ किंवा ‘प्लेटा चिकटल्यात’ असे म्हणतात. इथे शब्दांचा एक घोळ होतो. चालवणारा ‘क्लच सोडला’ म्हणतो तेव्हा त्याने बोटांनी लिव्हर सोडलेला असतो, म्हणजे आत प्लेटा एकमेकींना पकडतात. मेकॅनिक ‘क्लच सुटला’ म्हणतो तेव्हा त्या अलग झालेल्या असतात. तक्रार सांगताना हा फरक राहून गेला, की क्लच घसरणाऱ्या (म्हणजे पूर्ण न पकडणाऱ्या) गाडीवर न सुटणाऱ्या क्लचचा इलाज होतो आणि ती आणखी बिघडते.

रचना : भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींत तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. घर्षणाचे अस्तर लावलेल्या प्लेटा बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत अडकलेल्या असतात आणि इंजिनाबरोबर फिरतात. त्यांच्या अधेमधे बसलेल्या पोलादी प्लेटा आतल्या हबला जोडलेल्या असतात आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतात. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर ही सगळी चळत दाबून धरते. लिव्हर ओढला की वायर रिलीज आर्म फिरवते, पुशरॉड किंवा लिफ्टर प्रेशर प्लेटला उचलतो आणि प्लेटा सैल होतात.

या दोषाचे मर्म एका साध्या हिशेबात आहे. अस्तराच्या पाच आणि पोलादी चार प्लेटा असलेला क्लच घेतला, तर दोन टोकांची प्रेशर प्लेट आणि हब धरून घासणाऱ्या जागा दहा होतात. प्रेशर प्लेट उचलली जाते ती फक्त दीड ते दोन मिलिमीटर. ही जागा दहा ठिकाणी वाटली की प्रत्येक फटीच्या वाट्याला ०.१५ ते ०.२ मिमी येते, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी. वरच्या बाजूला मात्र बोटांखाली लिव्हरचे टोक सहा-सात सेंटिमीटर फिरते. एवढी मोठी हालचाल वायरपर्यंत पोचताना साधारण एक सेंटिमीटर उरते आणि प्लेटांपर्यंत दोन मिलिमीटर. त्यामुळे टोकाला दीड-दोन सेंटिमीटर ढिलाई वाढली, की आतली पाव ते एक तृतीयांश उचल वाया जाते. लिव्हर तर पूर्ण दाबल्यासारखाच वाटतो. इंजिनाचे झाकण उघडण्याआधी हँडलपासून सुरुवात करायची ती याचसाठी. निम्म्याहून अधिक वेळा तिथेच काम संपते, असे कुठलाही जुना मिस्त्री सांगेल.

दोषाची खात्री : पहिल्यांदा आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरते तो वेग, पाहावे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना मिनिटाला सुमारे १,४०० फेरे पुरतात. कुणी तरी थंडीत बंद पडते म्हणून स्क्रू पिळून ते दोन हजारांवर नेलेले असेल, तर क्लच चांगला असूनही पहिला गिअर आदळतो. मग गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. न्यूट्रलमध्ये मागचे चाक हळूहळू फिरताना दिसले तर घाबरायचे कारण नाही. तेलाच्या ओढीने ते फिरते आणि ब्रेक टेकवताच थांबते. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून हलका ब्रेक लावला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला किंवा इंजिन बंदच पडले, तर क्लच सुटत नाही हे नक्की. फिरते चाक बुटाने थांबवून बघायची सवय काही जणांना असते. ती अंगठा गमावण्याची सोपी रीत आहे.

दुसरी कसोटी इंजिन बंद ठेवून. गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी ढकलावी. गार इंजिनात थोडी जड लागणारच, पण चाक घासटत असेल तर प्लेटा अलग होत नाहीत. न्यूट्रल इंजिन बंद असतानाही, गाडी मागेपुढे हलवूनसुद्धा लागत नसेल, तर दोष बहुधा क्लचचा नसून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा असतो. फक्त सकाळी पहिला एखादा मिनिट त्रास होत असेल तर संशय तेलावर जातो. गाडी तापल्यावरच, गर्दीत अर्धा तास घालवल्यावर त्रास सुरू होत असेल तर पोलादी प्लेटा वाकलेल्या असण्याची शक्यता मोठी.

वायर आणि लिव्हर : होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी चाल (ढिलाई) सांगितलेली असते; इतर काही कंपन्या ती लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोजायला सांगतात. दोन्ही मापे जवळपास एकच गोष्ट सांगतात, पण एकाचा आकडा दुसऱ्या जागी लावला की घोटाळा होतो. ॲडजस्टर दोन असतात, एक मुठीजवळ आणि एक खाली इंजिनाजवळ. वरचा आधी पूर्ण आत घ्यावा, खालच्या नटांनी मोठी ढिलाई काढावी आणि शेवटचा बारीक हिशेब वरच्या चाकीने करावा. नेमके उलटे केलेले नेहमी दिसते, म्हणजे वरची चाकी आटे संपेपर्यंत बाहेर आलेली आणि खालचे नट कंपनीने सोडले तिथेच गंजलेले. चाल शून्यावर आणणेही चूक. मग क्लच छान सुटतो, पण पूर्ण पकडत नाही, आणि महिन्याभरात प्लेटा जळतात.

चाल नीट लावूनही फरक पडत नसेल तर वायर काढून पाहावी. ती तुटते ती बहुधा लिव्हरमधल्या शिशाच्या गोळीपाशी. एकेक तार सुटून फुलासारखी पसरते, उरलेल्या तारा ताणल्या जातात आणि सकाळी लावलेली चाल संध्याकाळी पुन्हा ढिली होते. रोज क्लच लावावा लागत असेल तर वायर शेवटच्या दोन-चार तारांवर आली आहे असे समजावे. बाहेरचे आवरण बसले किंवा मुरडले असेल तर ओढ त्या आवरणाला दाबण्यातच खर्च होते. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर क्लच धरण्याची जागा बदलत असेल, तर वायर हेडलाइटमागे चुकीच्या वाटेने नेलेली आहे. लिव्हरच्या पिनेचे भोक झिजून अंडाकृती झालेले असते, त्यातही दोन-तीन मिलिमीटर जातात. साध्या वायरीत सिरिंजने पातळ तेल सोडता येते, पण आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या वायरी कोरड्याच चालवायच्या असतात.

खाली रिलीज आर्मही तपासावा. काही गाड्यांत तो पुढच्या स्प्रॉकेटशेजारी असतो. चेनचे तेल, चिखल आणि धूळ यांचा काळा लगदा तिथे साठून तो अर्ध्यातच अडतो. पुशरॉड दोन तुकड्यांचा असेल तर मध्ये पोलादी गोळी असते. दुरुस्तीत ती ग्रीससह बोटाला चिकटून बाहेर येते आणि चिंधीबरोबर कचऱ्यात जाते. त्यानंतर ॲडजस्टर कितीही फिरवला तरी क्लच सुटत नाही, आणि गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेल्यावर शोध लागतो.

तेल : क्लच आणि इंजिन एकाच तेलात असतात, म्हणून हे तेल मोटारीच्या तेलापेक्षा वेगळे लागते. जपानच्या जासो मानकात १९९८ साली चारचाकीच्या तेलांपासून वेगळे असे ‘एमए’ आणि ‘एमबी’ हे वर्ग आले, २००६ मध्ये ‘एमए’चे ‘एमए१’ आणि ‘एमए२’ असे पोटभेद झाले. ओल्या क्लचच्या मोटारसायकलीला ‘एमए’ गटाचे तेल हवे. ‘एमबी’ कमी घर्षणाचे, स्कूटरसाठीचे. चुकीच्या तेलाने सहसा क्लच घसरतो. न सुटण्याचा संबंध अधिक येतो तो जाडीशी. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत ‘इंजिन थंड राहील’ म्हणून त्याहून जाड २०डब्ल्यू-५० ओतले, की डिसेंबरच्या पहाटे नाशिककडे प्लेटांमधले ते तेल काकवीसारखे वागते आणि पोलादी प्लेट अस्तराबरोबर ओढली जाते.

चिकटलेल्या प्लेटा : गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की प्लेटांमधले तेल निथळते, ओलावा शिरतो, पोलादावर गंजाची पापुद्री येते आणि अस्तर तिला चिकटते. कोकणात हे दर वर्षीचे. चाकरमानी जूनच्या आधी गाडी पडवीत लावून मुंबईला जातो आणि गणपतीला येऊन किक मारतो. इंजिन सुरू होते, पण क्लच दाबून पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारून बंद पडते. अशा वेळी इंजिन आधी न्यूट्रलमध्ये दहा मिनिटे तापू द्यावे. मग इंजिन बंद करून, वरच्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी जोरात मागेपुढे हलवावी. बहुतेक वेळा ‘टक्’ करून प्लेटा सुटतात. न सुटल्यास लिव्हर ट्यूबच्या पट्टीने मुठीला बांधून रात्रभर ठेवतात.

क्लच दाबून रिकाम्या किक मारण्याचा जुना उपाय मात्र प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. मद्रासमध्ये बनलेल्या एन्फिल्ड बुलेटच्या जुन्या, चार गिअरच्या रचनेत किक गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनापर्यंत पोचते. म्हणून क्लच दाबून किक मारली की फक्त हब फिरतो आणि प्लेटा मोकळ्या होतात. जुने बुलेटवाले रोज सकाळी हा विधी देवपूजेच्या निष्ठेने करतात. ज्या गाड्या गिअरमध्ये असताना क्लच दाबून किकने सुरू होतात, त्यांची किक थेट हाउसिंग फिरवते; तिथे या व्यायामाचा उपयोग नाही. त्या बुलेटच्या क्लचला वेगळा चेनकेस आणि वेगळे तेल असते, आणि उजव्या पायाशी टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडरही. पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून तो न्यूट्रल आणतो, त्यामुळे न सुटणारा क्लच वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातच येत नाही.

क्लच उघडल्यावर : पोलादी प्लेट जाड सपाट काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) सरकवतात. बऱ्याच गाड्यांना ०.२ मिमीच्या आसपास वाक चालतो, त्यापलीकडे प्लेट बदलायची. वर आलेला फटीचा हिशेब आठवला तर ही मर्यादा एवढी कडक का, ते कळते. घाटातल्या कोंडीत अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवणाऱ्याच्या प्लेटांवर निळसर-जांभळे डाग दिसतात. तेवढ्या तापलेल्या प्लेटेवर गेज लावायचीही गरज नसते. अस्तराच्या प्लेटा नव्या आणि पोलादी त्याच जुन्या, ही काटकसर सर्रास होते आणि तीच दोन महिन्यांत गाडी परत आणते. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. स्प्रिंगा सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात. एक जरी बसलेली असली तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते, एका बाजूला मोठी फट आणि दुसरीकडे काहीच नाही. झाकण उघडे ठेवून क्लच ओढला आणि हब हाताने फिरवला तर हे डोळ्यांना दिसते.

सर्वांत फसवा दोष हाउसिंगमध्ये लपतो. अस्तराच्या प्लेटांच्या कडेच्या कानांनी हाउसिंगच्या ॲल्युमिनियमच्या बोटांवर (खाचांमधल्या दांड्यांवर) ठोकून ठोकून खाचा पाडलेल्या असतात. नख फिरवले की ते पायरीपायरीने अडते. लिव्हर दाबल्यावर प्लेटांनी बाहेर सरकायला हवे, पण त्यांचे कान या पायऱ्यांत अडकून बसतात. चाल बरोबर, वायर नवी, प्लेटा नव्या, तरी क्लच धरून ठेवतो तो असा. खाचा उथळ असतील तर बारीक कानशीने गुळगुळीत करता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलणेच बरे, कारण कानस जास्त चालली की एक-दोन बोटांवर सगळा भार येतो आणि ती मोडतात.

हायड्रॉलिक क्लच : काही मोठ्या गाड्यांत वायरऐवजी द्रव असतो. तिथे चाल लावायची नसते, पण नळीत हवा शिरली की लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच सुटतो. हवा काढणे हाच इलाज. द्रव झाकणावर लिहिलेलाच घालावा. काही गाड्यांना ब्रेकचे डॉट ४ लागते, काहींना मिनरल ऑइल, आणि एकाच्या जागी दुसरे गेले तर आतली रबरे फुगून निकामी होतात.

वाटेत : क्लच अजिबात सुटेनासा झाला किंवा वायर तुटली, तरी गाडी घरापर्यंत नेता येते. इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करावे, पायाने ढकलून गाडीला चालण्याचा वेग द्यावा आणि पहिला गिअर टाकावा, झटका बसतो. पुढचे गिअर थ्रॉटल क्षणभर मिटून, पायाचा दाब देत बदलतात. चढावर उभे राहायचे नाही, आणि पुढचा सिग्नल लाल दिसताच, गाडी अजून चालती असतानाच, न्यूट्रल लावून ठेवायचे, कारण थांबल्यावर ते सापडणार नाही.