एका तम्बोनात दोन कारभारी

थायलंडच्या ग्रामीण भागात काही गावे मिळून एक तम्बोन होतो आणि त्या एकाच तम्बोनात दोन प्रकारचे कारभारी आढळतात. एकीकडे गृहमंत्रालयाच्या उतरंडीतला 'कम्नन', म्हणजे तम्बोनप्रमुख, आणि गावोगावचे 'फू याय बान', म्हणजे गावप्रमुख. दुसरीकडे रस्ते, पाणी आणि कचरा पाहणारी, लोकांनी निवडलेली तम्बोन प्रशासन संस्था. ही दुहेरी मांडणी कोणी एकदा बसून आखलेली नाही. सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने ते दोन थर एकावर एक चढले.

पहिला थर राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळातला. तोवर दूरच्या नगरांचे वंशपरंपरागत अधिपती स्थानिक उत्पन्नावर जगत; या रीतीला 'किन मुआंग', शब्दशः 'मुलूख खाणे', असे म्हणत. ब्रह्मदेशात ब्रिटिश आणि मेकाँगच्या पलीकडे फ्रेंच येऊन ठेपले असताना असा सैल कारभार धोक्याचा होता. 1892 मध्ये गृहमंत्रालय राजपुत्र दामरोंग यांच्याकडे आले आणि त्यांनी 'थेसाफिबान' पद्धतीने सारा मुलूख बँकॉकच्या हाती आणला. या पद्धतीतला 'मोन्थोन' हा विभाग म्हणजे आपल्या ओळखीचा 'मंडल' हा संस्कृत शब्दच. बांग पा-इन येथे गावकऱ्यांकडून प्रमुख निवडून घेण्याचा प्रयोग झाल्यावर 1897 मध्ये त्याचा कायदा झाला. त्याची जागा घेणारा 1914 चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. प्रमुखाची निवड गावाने करायची, पण त्याने हुकूम मात्र जिल्हाधिकाऱ्याचा, म्हणजे 'अम्फो'च्या प्रमुखाचा, मानायचा, ही गोम तेव्हापासूनची आहे.

स्वशासनाची सुरुवात त्या मानाने फार लहान होती. 1905 मध्ये समुत साखोन प्रांतातील था चालोम या बाजारवस्तीत राजधानीबाहेरचे पहिले स्वच्छता मंडळ स्थापन झाले. निरंकुश राजेशाही संपवणाऱ्या 1932 च्या क्रांतीनंतर नगरपालिका आल्या, पण खेडी त्यांच्या बाहेरच राहिली. तम्बोनाला स्वतःचे अंदाजपत्रक आणि कायदेशीर व्यक्तित्व मिळायला 1994 चा कायदा यावा लागला. त्यातून आलेल्या तम्बोन संस्थेतही सुरुवातीला कम्नन आणि गावप्रमुख पदसिद्ध सदस्य होते. 1997 च्या राज्यघटनेने सदस्य निवडूनच यावेत असे ठरवल्यावर ते बाहेर पडले. 2003 पासून संस्थेचा अध्यक्षही थेट लोकांमधून निवडला जाऊ लागला.

जुना थर मात्र विरला नाही. उलट 2008 च्या दुरुस्तीने कम्नन व गावप्रमुखांची मुदत पाच वर्षांवरून वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत वाढवली. 2014 च्या लष्करी उठावानंतर तम्बोन संस्थांच्या निवडणुका रोखल्या गेल्या, त्या थेट नोव्हेंबर 2021 मध्ये झाल्या.