कसँड्रेचं कोण ऐकणार?

कसँड्रा ही ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉय नगरीची राजकन्या. अपोलो या देवाने तिला भविष्य ओळखण्याची शक्ती दिली आणि तिने त्याला नकार देताच शापही दिला: तू बोलशील ते खरं ठरेल, पण कुणाला पटणार नाही. मुंबईच्या चित्रकार नलिनी मालानी यांच्या कामात ही कसँड्रा पुन्हा पुन्हा येते.

मालानींचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीत घर सुटलं, पुढे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात झालं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी स्त्री कलाकारांनीच चालवलेली ए. आय. आर. गॅलरी पाहिली. त्याच्या आदल्या वर्षी इकडे सर्वोच्च न्यायालयाने मथुरा खटल्यातल्या दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची ती तक्रार होती. अंगावर जखमा नाहीत, त्यामुळे तिची संमती होती, असं न्यायालयाने धरलं. १९८० मध्ये मुंबईत आणि इतरत्र बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. कसँड्रेची गोष्ट वाचताना मला दर वेळी ही मुलगी आठवते. तीही खरंच सांगत होती.

१९८७ पासून मालानींनी अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासोबत प्रदर्शनं भरवली. मग १९९३ मध्ये मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांना घेऊन ग्रीक पुराणकथेतली मिडीया नाट्यरूपात उभी केली. नवऱ्यासाठी मिडीयाने माहेर, देश, भाऊ सगळं गमावलं आणि त्याने दुसरा घरोबा केला.

हे आपल्याला परकं वाटतच नाही. २००६ च्या एका चित्रात मालानींनी मिडीयेसोबत सीतेला आणलं. त्यांची पद्धत उलट्या चित्राची: पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीटच्या मागच्या बाजूने रंगवायचं. डोळ्यातलं बुबुळ, दागिन्याची कड असं बारीकसारीक आधी, चेहऱ्याचा रंग त्यानंतर आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. समोरून बघताना रंगाला हात लागत नाही, मध्ये गुळगुळीत शीट असते.

सीतेचं दुःख आपल्या बायकांनी चित्रकारांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. जात्यावर बसून त्यांनी तिचा वनवास गायला, त्यात स्वतःचा सासुरवास ओतला. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरी गावात सीतेचं देऊळ आहे. तिथे ती एकटी आहे, शेजारी राम नाही.