कातळावरची नवी पाल सापडली तर : परवानगीपासून नामकरणापर्यंतची प्रक्रिया

सह्याद्रीच्या कड्यांवर आणि कोकणातल्या सड्यांवर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर) अजूनही नाव न मिळालेल्या पाली आहेत. जुन्नरजवळच्या घाटघर परिसरातली, खडकांच्या भेगांत राहणारी हेमिडॅक्टिलस आरनबाऊरी २००८ साली विज्ञानाला कळली. कास पठारावरची निमास्पिस गिरी २०१४ साली, तर आंबा आणि कोयना या ठिकाणांच्या नावाच्या दोन निमास्पिस २०१९ साली. (हेमिडॅक्टिलस आणि निमास्पिस ही पालींच्या गटांची शास्त्रीय नावं.) त्यामुळे भटकंती करणारे, फोटो काढणारे, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : वेगळी पाल दिसली, आता पुढे काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते सांगतो. पाल उचलून डबीत घालायची नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत जिवंत पकडणंही येतं. फोटो काढा, जागा, वेळ आणि खडकाचा प्रकार टिपून ठेवा, जवळच्या अभ्यासकाला कळवा. पकडायची वेळ येईल तेव्हा कागद आधी हातात हवा. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली ही एकच गोष्ट अशी आहे की जी मागाहून दुरुस्त करता येत नाही. परवानगीशिवाय गोळा केलेला नमुना चांगलं नियतकालिक स्वीकारत नाही, आणि मग पाल खरोखर नवी असली तरी ती नावाविना राहते.

अर्ज कोण करू शकतं?

नवी प्रजाती जाहीर करायला अमुक पदवी हवी, असा नियम कुठेही नाही. परवानगीचं तसं नाही. संशोधनासाठी वन्यप्राणी पकडण्याचा परवाना अधिनियमाच्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अर्जामागे महाविद्यालय, विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था उभी असेल तरच तो अर्ज पुढे सरकतो. हौशी निरीक्षकाने संस्थेतल्या अभ्यासकाबरोबर पथकाचा सदस्य म्हणून नाव घालावं. शोधनिबंधात सहलेखक होण्याचा मार्गही त्यातूनच निघतो.

परदेशी नागरिक आणि अनिवासी भारतीय यांना याखेरीज चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. नमुना किंवा ऊती तपासणीसाठी देशाबाहेर पाठवायच्या असतील तर भारतीय अभ्यासकानेही आधी प्राधिकरणाकडे विचारणा करावी. डीएनए तपासणी भारतातल्या प्रयोगशाळेत होत असेल तर ती इथेच करावी, पुष्कळ कागद वाचतात.

कोणत्या जमिनीसाठी कुणाकडे?

महाराष्ट्रात मुख्य वन्यजीव रक्षक म्हणजे नागपूरच्या वनभवनात बसणारे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव). गोव्यात पणजीतलं कार्यालय. परवाना देण्यापूर्वी त्यांना अधिनियमाच्या अनुसूची १ मधल्या (सर्वाधिक संरक्षण असलेल्या) प्राण्यासाठी केंद्र सरकारची, इतर वन्यप्राण्यांसाठी राज्य सरकारची मंजुरी घ्यावी लागते. अनुसूच्या १ एप्रिल २०२३ पासून बदलल्या आहेत, जुनी यादी पाहून अर्ज लिहू नका.

अभयारण्यात शिरून अभ्यास करण्याची परवानगी वेगळी असते, ती कलम २८ खाली. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू होतं. कोयना किंवा चांदोलीत काम असेल तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांनाही कळवावं लागतं. राखीव वनात त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांना पत्र, आणि प्रत्यक्ष जाण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची भेट. खडकावरच्या पाली किल्ल्यांच्या तटबंदीतही राहतात. किल्ला संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी हवी, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. रत्नागिरीकडच्या सड्यांची बरीच जमीन खासगी आहे. तिथे मालकाची लेखी संमती घ्या आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही सांगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले इथून १९६३ साली नोंदलेली हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस अशाच उघड्या सड्यावर सुट्या दगडांखाली सापडते. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा, त्याच्याखालचा ओलावा हेच तिचं घर.

अर्जात काय जोडायचं?

संस्थाप्रमुखांचं पत्र, मार्गदर्शकाचं संमतिपत्र, पथकातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र, ठिकाणांची नावं तालुका-जिल्ह्यासह आणि नकाशा, कामाचा कालावधी, प्राणी हाताळण्याबाबत संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता, आणि नमुने कुठल्या संग्रहात ठेवणार याचं त्या संग्रहाकडून आलेलं पत्र. सगळ्यात महत्त्वाचा संशोधन प्रस्ताव, कारण अर्ज तिथेच अडतो.

ज्या जीवाला नावच नाही त्याच्यासाठी परवानगी मागायची कशी? गटाच्या नावाने मागायची. ‘निमास्पिस गटातील पाली’ असं लिहून प्रत्येक ठिकाणाहून जास्तीत जास्त किती नमुने घेणार तो आकडा द्यायचा आणि त्याचं कारणही लिहायचं. कारण खरंच आहे. नर निमास्पिस उलटी धरून भिंगातून पाहिली की बहुतेक प्रजातींत मागच्या मांड्यांखाली किंवा अवस्कराच्या (शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलमूत्राच्या छिद्राच्या) पुढे बारीक छिद्रांची ओळ दिसते. ही छिद्रं किती, सलग की मध्ये खंड पडलेला, यावरून जवळच्या प्रजाती वेगळ्या काढतात. मादीत ती नसतात. म्हणजे एकटी मादी हाती लागली तर निम्मी ओळख अंधारात राहते. बोटांखालच्या पट्ट्या, पोटावरच्या खवल्यांच्या रांगा, पाठीवरचे उंचवटे हेही मोजावं लागतं. असं स्पष्ट लिहिलं की अधिकाऱ्यांनाही आकडा पटतो. तरीही आकडा लहानच ठेवा. यातल्या काही पाली एखाद्या डोंगरापुरत्याच असतात.

नाव कोण मंजूर करतं?

कुणीच नाही. नव्या प्रजातीच्या नावाला सरकारी मंजुरी नसते. आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेच्या अटी पाळून निबंध प्रसिद्ध झाला की नाव वैध होतं. नाव लॅटिन लिपीत हवं, इतर प्रजातींपासून वेगळेपण सांगणारं वर्णन हवं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून ठरवायला हवा आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे निबंधात लिहायला हवं. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर २०१२ पासून झूबँक या प्राणी-नावांच्या ऑनलाइन नोंदवहीवर आधी नोंदणी करून तिचा उल्लेख निबंधात करणं बंधनकारक आहे. ही नोंद राहिली तर नाव वैध ठरत नाही. वर्तमानपत्रात आधी नाव फोडू नका.

नमुना जमा करणं

जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने अधिसूचित (सरकारने नेमलेल्या) संग्रहाला तसं कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. प्राण्यांसाठी असा संग्रह भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे आहे. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातही इथल्या अनेक पालींचे मूळ नमुने आहेत, हेमिडॅक्टिलस आरनबाऊरीचेही. नमुना घरी किंवा महाविद्यालयाच्या कपाटात ठेवणं म्हणजे पुढच्या अभ्यासकाचा रस्ता बंद करणं.

निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याची प्रत, घेतलेल्या नमुन्यांची यादी आणि जमा केल्याची पावती नागपूरच्या कार्यालयाला आणि संबंधित वनविभागाला पाठवा. काम लांबलं तर परवान्याची मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज करा. मुदत संपल्यानंतर पकडलेली पाल ही विनापरवाना पकडलेलीच धरली जाते.