खनिज काढलं की झरा कुठे जातो?

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. जांभ्याचा, म्हणजे इथल्या तांबड्या दगडाचा, गुण आणि अवगुण एकच: तो सच्छिद्र आहे. पाणी झटकन पितो आणि तितक्याच झटकन उतारावरून सोडून देतो. अशा दिवसांतही एखाद्या डोंगराच्या पायथ्याचा झरा पाटाला पाणी देत असतो. त्याच्या भरवशावर वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर घेतलेलं, भात होतं, पोफळी (सुपारीची झाडं) जगतात. तो डोंगर लोहखनिजाचा असला की मात्र प्रश्न उभा राहतो.

रत्नागिरीकडे जांभ्याखाली काळा बेसाल्ट लागतो, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गकडचे खडक त्याहून फार जुने, गोव्यातल्या खनिजपट्ट्याचे भाऊबंद. रेडी आणि कळणे इथलं लोहखनिज त्यांतलंच. मूळ खडकात लोह आणि सिलिका (वाळूचा मुख्य घटक) यांचे पातळ थर एकाआड एक होते. उष्ण, दमट हवेत पाणी मुरत राहिलं, सिलिका हळूहळू विरघळून वाहून गेली, लोह मागे उरलं. सिलिकेच्या जागी पोकळ्या राहिल्या. म्हणून इथलं बरंचसं खनिज चिमटीत धरलं तर भुगा होतं. पाण्यानेच ते घडवलं, आणि आज त्याच पोकळ्यांत पाणी साठलेलं असतं. खाणवाल्याला जे खनिज दिसतं, तीच खालच्या गावाची टाकी.

या डोंगराचे ढोबळ दोन मजले समजा. वर जांभा. त्याखाली पांढरी-गुलाबी, साबणासारखी मऊ चिकणमाती. तिच्यातून पाणी सहज उतरत नाही, म्हणून जांभ्यातलं पाणी तिच्यावरून आडवं सरकतं आणि ती उतारावर उघडी पडते तिथे झरा फुटतो. खनिजाचा भुसभुशीत थर त्या मातीखाली. त्यातलं पाणी बऱ्याचदा दाबाखाली असतं.

खाण खोल गेली की आधी ही चिकणमातीची मधली फरशी फुटते आणि वरच्या मजल्याचं पाणी खड्ड्यात उतरतं. मग खड्डा भूजलपातळीच्या खाली जातो आणि खनिज कोरडं काढायला पंप लावावे लागतात. भोवतालची पातळी नरसाळ्यासारखी खड्ड्याकडे झुकते. त्या नरसाळ्यात येणाऱ्या विहिरी आटतात, पण सगळ्या एकदम नाहीत. भेगा कुठून कुठे जातात त्यावर ते ठरतं. शेजारच्या दोन विहिरींचं नशीब वेगळं निघतं आणि वाडीतच भांडण लागतं.

गंमत अशी की पंपाचं पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलं तर तो भर उन्हाळ्यात वाहताना दिसतो. 'पाणी वाढलंय की!' असं म्हणायला मग सोयीचं होतं. खरं तर टाकी रिकामी होत असते. त्या पाण्यातला तांबडा गाळ इतका बारीक असतो की लवकर बसत नाही, आणि शेतात बसला की वाळून टणक पापुद्रा होतो.

रेडीसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी आणखी एक भानगड आहे. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर येऊ शकते.

पंप बंद झाल्यावर खड्डा भरतो, तळं देखणं दिसतं. पण फुटलेली फरशी काही जुळत नाही, आणि वरचा झरा परत येईल याची खात्री नसते.

झरा आटल्यावर 'यंदा पाऊसच कमी' आणि 'खाणीमुळेच' असा वाद हमखास होतो. तो मिटवायला खाणीच्या आधीची आकडेवारी लागते: दर महिन्याला विहिरीतल्या पाण्याची खोली, किमान दोन-तीन वर्षांची. त्याला दोर, दगड आणि वही पुरते.