कणा वाकतो, पण सुरुवात हाडात नसते

डुशेन स्नायुक्षय झालेल्या मुलाची पाठ एका बाजूला कलू लागली की मणकेच मुळात सदोष असावेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हे मूल जन्मते तेव्हा त्याचे मणके इतर मुलांसारखेच असतात. बिघाड असतो तो एक्स गुणसूत्रावरील एका अवाढव्य जनुकात. त्यामुळे स्नायुपेशींच्या आवरणाला आतून आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही, प्रत्येक हालचालीगणिक पेशींना इजा होत राहते आणि हळूहळू स्नायूंची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात. मुलग्यांमध्ये एक्स गुणसूत्र एकच असल्याने हा आजार प्रामुख्याने त्यांच्यातच दिसतो.

मूल चालते आहे तोवर कणा सहसा फारसा वाकत नाही. कमरेचे स्नायू दुबळे झाल्याने तोल सावरण्यासाठी ते पोट पुढे काढून, खांदे मागे टाकून चालते. ही ढब विचित्र दिसली तरी पाठीला आलेल्या या खोल बाकामुळे मणक्यांमागचे छोटे सांधे एकमेकांत घट्ट बसतात आणि कणा बाजूला वळण्यापासून बराचसा वाचतो. उपचार नसल्यास साधारण बाराव्या वर्षापर्यंत व्हीलचेअर येते. मग कमरेचा तो बाक सपाट होतो, सांध्यांची पकड सैल पडते आणि धडाचा सगळा भार थकलेल्या स्नायूंवर येतो. मूल एका कोपरावर रेलते, कमरेची हाडे एका बाजूला उतरतात. घरचे ‘नीट बस’ म्हणून हटकतात. पण नीट बसवण्याचे काम ज्या स्नायूंचे, तेच उरलेले नसतात.

नेमक्या याच सुमारास वयात येतानाची झपाट्याची वाढ सुरू होते. वाढत्या हाडावर जिथे दाब जास्त तिथे वाढ मंदावते आणि जिथे दाब कमी तिथे ती वेग घेते, हा नियम एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. त्यामुळे आतल्या बाजूने चेपलेले मणके पाचरीसारखे वाढतात आणि आधी केवळ बसण्याच्या ढबीत असलेला बाक हाडांत कायमचा उतरतो. फासळ्यांचा पिंजरा पिळवटतो, आणि श्वसनाचे स्नायू आधीच कमजोर असलेल्या मुलाला हे सर्वांत महागात पडते.

पट्टा बांधून हा बाक थांबत नाही, उलट छाती आवळली जाते. स्टेरॉइडने मात्र चित्र पालटले: मुले काही वर्षे अधिक चालतात आणि पुष्कळांचा कणा शस्त्रक्रियेची वेळ येण्याइतका वाकतच नाही. अर्थात त्याच औषधाने हाडे ठिसूळ होऊन मणके चेपण्याचा धोकाही वाढतो. स्टेरॉइड न घेणाऱ्या, वाढ शिल्लक असलेल्या मुलांत बाक २० ते ३० अंशांपुढे गेला की फुफ्फुसांची क्षमता टिकून असतानाच शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यासाठी चालणे थांबताच पाठीचा पहिला एक्स-रे बसवून काढतात आणि वाढ पूर्ण होईपर्यंत तो दर सहा महिन्यांनी पुन्हा काढला जातो.